पाटीच्या टक्केवारीआधी समोरच्याचं ताट बघा

बेळगावात पाटीचा विषय निघाला की बोलणं टक्क्यांवर जातं. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं कायदा दुरुस्त करून दुकानांच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं, तेव्हापासून तर गणपत गल्ली असो की खडेबाजार, जो तो मनात फूटपट्टी घेऊनच पाटीकडं बघतो, कुणाचं अक्षर केवढं, वर कोण आणि खाली कोण. मी इथंच डिझाइनचं काम करतो, मेन्यूकार्ड, मसाल्याची पाकिटं, लग्नपत्रिका, दवाखान्यातले तक्ते, जे येईल ते, आणि मराठी शाळेत शिकलेला असल्यामुळं ह्या वादातलं दुखणं मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण काम करता करता माझं एक मत पक्कं झालंय. अक्षर किती टक्के हा प्रश्न जेवढा मोठा, तेवढाच मोठा प्रश्न हा आहे की ज्याच्यासाठी ते छापलं त्याच्या घरात काय शिजतं, तो कसा वाढून घेतो, कुणाबरोबर बसून खातो, हे छापणाऱ्यानं कधी बघितलंय का? बहुतेक वेळा बघितलेलं नसतं. टेम्प्लेट बेंगळुरूहून येतं नाहीतर मुंबईहून, कधी थेट परदेशातल्या कुठल्यातरी वेबसाइटवरून, त्यात फक्त नाव आणि फोन नंबर बदलायचा, आणि सीमाभागातला माणूस, मराठी असो की कन्नड, त्या कागदावर कुठंच नसतो.

आता स्वयंपाकघरापासूनच सुरुवात का, तर ह्या भागात सीमा जिथं सगळ्यात पातळ होते ती जागा तीच आहे. आमच्याकडचं भरलं वांगं आणि शेजारच्या कन्नड घरातली एण्णेगाई शेजारी शेजारी ठेवून बघा, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, मोड आलेली मटकी, जोंधळ्याची भाकरी, सगळं दोन्ही घरांत. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडची माणसं आणि धारवाड-बागलकोटकडची माणसं शेजारी शेजारी चुली मांडतात, आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य करतात, एकमेकांना काय बोलतात ते अर्धंमुर्धं कळतं पण चुलीवर काय चाललंय ते पूर्ण कळतं. दोन लोक एकमेकांना इतके समजणारी जागा हाताशी असताना डिझाइन करणाऱ्यानं तिच्याकडं पाठ फिरवायची हे मला पटत नाही.

इथं एक गोष्ट आधीच साफ करतो, कारण 'खाद्यसंस्कृतीवरून डिझाइन' म्हटलं की आमच्या धंद्यात लगेच काय होतं ते मला माहीत आहे. चूल, जातं, उखळ, नथ घातलेली बाई, आणि कडेनं वारली चित्रांची पट्टी. वारली चित्रं डहाणू-पालघरकडच्या लोकांची, त्यांच्या लग्नाची, त्यांच्या भिंतीवरची. बेळगावच्या खानावळीच्या मेन्यूकार्डावर ती नाचवून कुणाचीच संस्कृती येत नाही, ना त्यांची ना आमची. चूल काढणं सोपं आहे. चुलीपुढं बसलेली बाई कशी विचार करते ते समजून घ्यायला वेळ लागतो, आणि मी बोलतोय ते त्याबद्दल.

मिरचीचंच घ्या. तिखटाचं पाकीट करायचं म्हटलं की डिझाइनर काय करतो, लालभडक रंग, त्यावर ज्वाळा, आणि कोपऱ्यात एक दोन तीन मिरच्या काढून किती तिखट ते दाखवायचं. म्हणजे जितकं लाल तितकं जहाल. पण उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायला बसलेल्या आमच्या बायकांना विचारा. त्यांच्या हिशोबात रंग आणि तिखटपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या मिरच्यांतून आणायच्या असतात. रंगाला ब्याडगी, सुरकुतलेली, गडद लाल, हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची, २०११ ला तिला जीआय, म्हणजे ती खास ह्याच भागाची असं सांगणारं मानांकन पण मिळालं, आणि खायला एकदम सौम्य. तिखटाला संकेश्वरी, आमच्या हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची, नाहीतर मग लवंगी. मिरची उन्हात पसरायची, देठ मोडायचे, एखादी कानाजवळ हलवून आतलं बी वाजतं का बघायचं, मग घरातली पोरं किती लहान, म्हातारी माणसं किती, पित्तवाला कोण, ह्यावर दोन्हींचं प्रमाण ठरवायचं आणि मग कांडपाला न्यायचं. म्हणजे ह्या भागातली सगळ्यात लाल मिरची ही जहाल नाहीच. त्या पाकिटावरच्या लाल ज्वाळा आमच्या गिऱ्हाईकाला चुकीची माहिती देतात, आणि हे गिऱ्हाईक ते पाकीट बनवणाऱ्यापेक्षा मिरचीबद्दल दहापट जास्त जाणतं.

म्हणून पाकीट करताना मी म्हणतो की रंग एका जागी दाखवा आणि तिखटपणा दुसऱ्या जागी दाखवा. पुडीतल्या तिखटाचा खरा रंग दिसेल अशी छोटी खिडकी ठेवा, आणि शेजारी सरळ लिहा, ब्याडगी इतकी, संकेश्वरी इतकी. बाईला तेवढं पुरतं. तिला ज्वाळांची गरज नाही. आणि हेच कन्नड घरातल्या बाईलाही तेवढंच पुरतं, कारण हिशोब तोच आहे. समोरच्याला जे आधीच येतं त्याला मान द्यायचा, त्याला नवशिका समजून शिकवायला जायचं नाही, डिझाइनमधल्या आपुलकीचा माझा अर्थ एवढाच आहे.

पण पाकिटापेक्षा मोठा प्रश्न सार्वजनिक तक्त्यांचा आहे. दवाखाने, अंगणवाड्या, शाळा. शुगरच्या पेशंटसाठी आहाराचा तक्ता असतो ना, इकडच्या एका दवाखान्यात जो लावला होता त्यात ओट्स, ब्राउन ब्रेड, ब्रोकोली, आणि माप सगळं ग्रॅममध्ये. खानापूरच्या पुढची, जांबोटीकडची एक मावशी तो तक्ता बघून नर्सला म्हणाली, "बाई, ह्यात माझी भाकरी खय हाय?" तिला वाचता येत होतं बरं का. प्रश्न अक्षराचा नव्हताच. तक्ता कन्नडमध्ये असता, मराठीत असता, ६०-४० असता नाहीतर ५०-५०, तरी तिची भाकरी त्यात नव्हती.

त्या तक्त्याच्या मागं जे चित्र आहे ते मुळात कुठून आलं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९९२ ला अन्नाचा पिरॅमिड आणला आणि २०११ ला तो बदलून 'मायप्लेट' नावाचं ताट आणलं, चार कप्पे, डावा अर्धा भाग फळं-भाज्यांचा, उजवा धान्य आणि प्रोटीनचा, बाजूला दुधाचा एक गोल. त्यांच्या लोकांसाठी चांगलं चित्र आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. आपल्याकडं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीय जेवण धरून स्वतःचं ताट काढलंय, ते चांगलंच आहे, पण गावोगावी जे तक्ते दिसतात त्यात अजून ते कप्प्यांचं विलायती ताटच दिसतं. आणि आपल्या ताटाला स्वतःचा नकाशा आहे. मीठ वर, डावीकडं लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडं भाजी, आमटी, मधे भात नाहीतर भाकरी. केळीच्या पानावर वाढतानाही डावं-उजवं ठरलेलं. डावीकडचं चवीपुरतं घ्यायचं, उजवीकडचं पोटभर, हे कुणी शाळेत शिकवत नाही पण पंगतीत बसलेल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. अशा माणसाला तुम्ही डाव्या बाजूला भाज्यांचा ढीग काढून दाखवला तर त्याची नजर ती कोशिंबिरीच्या जागी धरते, म्हणजे दोन चमचे. डॉक्टरांना सांगायचं असतं जास्त खा, आणि चित्र सांगतं चवीपुरतं खा.

आम्ही त्या तक्त्याचं नवीन रूप केलं तेव्हा पहिलं काम हे केलं की भाकरी काढली, खऱ्या मापाची, तळहातावर थापतात तेवढी, काठाला जरा करपलेली, मधे पापुद्रा सुटलेली. आणि तिचे भाग पाडले. अख्खी, अर्धी, चतकोर. हे माप घराघरात आहे, आजी नातवाला "चतकोर तरी खा रे" म्हणते तेव्हा कुणाला वजनकाटा लागत नाही. आमटीला वाटी, भाताला मूठ, तेलाला चमचा, शेंगदाण्याला चिमूट नाही तर मूठ, बस. ग्रॅम खाली बारीक अक्षरात ठेवले, डॉक्टरांसाठी. त्यानंतर पेशंट बायका चित्रावर बोट ठेवून "ही एवढी सकाळी, एवढी रात्री" असं आपसात सांगायला लागल्या, आणि कन्नड बोलणाऱ्या बायका पण त्याच चित्रावर बोट ठेवून आपल्या भाषेत तेच सांगायला लागल्या. एक चित्र, दोन भाषा, आणि भांडण कुठंच नाही. आणि शेतावर काम करणाऱ्या बाईकडं तर ताट पण नसतं, हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा नाहीतर झुणका, तिच्यासाठी भाकरीच ताट आहे, मग तिच्या तक्त्यात ताटाचा गोल काढायचा कशाला?

त्यात आपला जिल्हा एक आहे पण ताट एक नाही. मलप्रभा जिथं उगम पावते ती कणकुंबी खानापूर तालुक्यात, घाटमाथ्यावर, धो धो पाऊस, तिथं भात आणि नाचणी. तीच मलप्रभा खाली सौंदत्ती, रामदुर्गकडं जाते तिथं कोरडं रान, जोंधळा. अथणी-चिकोडीकडं परत निराळं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हा ज्वारी-नाचणीची पोस्टरं सगळीकडं लागली, काचेच्या बरण्या, पॅनकेक, सॅलडचे बाउल. रामदुर्गच्या माणसानं ते बघून काय समजायचं? पिढ्यानपिढ्या जोंधळा पेरणाऱ्याला आणि खाणाऱ्याला त्याचंच धान्य नवीन फॅशन म्हणून परत दाखवलं. तालुक्यागणिक दोन-तीन वेगळी पोस्टरं करणं अवघड नाही, आता सगळं डिजिटल छापतात, एक चित्र बदललं तर खर्च फारसा वाढत नाही. कुणाला तरी ते करावंसं वाटलं पाहिजे.

शाळेतल्या अंड्याचं पण तेच. कर्नाटकात शाळेतल्या मुलांना अंडी देतात आणि जी मुलं खात नाहीत त्यांना केळं. आपल्या भागात जैन आणि लिंगायत घरं भरपूर, त्यामुळं एकाच वर्गात दोन्ही प्रकारची पोरं असतातच. चांगली योजना आहे. पण ती भिंतीवर दाखवताना अंडं मोठं आणि केळं कोपऱ्यात काढलं तर केळं खाणारं पोर वेगळं पडतं, आणि केळं मोठं काढून अंडं लपवलं तर अंडं खाणारं पोर लाजतं. दोन्ही सारख्या मापाचं काढा. एवढी साधी गोष्ट. ह्याला मोठी थिअरी लागत नाही, पंगतीत शेजारी बसलेल्या दोन पोरांच्या नजरेनं बघावं लागतं. चिन्ह बदलून फरक पडतो हे काही माझंच म्हणणं नाही, पाकिटावरचं मांसाहाराचं चिन्ह आधी तपकिरी गोल होतं आणि शाकाहाराचं हिरवा गोल, रंग ओळखता न येणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसायचे, २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत तपकिरी गोलाचा त्रिकोण केला. एका आकारानं कितीतरी लोकांची अडचण सुटली. आपल्याकडं उपवासाला चालतं का, कांदा-लसूण आहे का, हे अजून बाईला बारीक इंग्लिश अक्षरातल्या यादीतून शोधावं लागतं.

आता अक्षरांकडं येतो, कारण शेवटी वाद तिथंच आहे.

कन्नड लिपीत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, त्याला ओत्तु म्हणतात. आणि स्वयंपाकघरातले अगदी रोजचे शब्द बघा, अक्की म्हणजे तांदूळ, उप्पु म्हणजे मीठ, बेल्ल म्हणजे गूळ, एण्णी म्हणजे तेल, आणि रोट्टी. सगळ्यांना ओत्तु. मराठी डिझाइनर देवनागरीच्या हिशोबानं ओळींमधलं अंतर ठेवतो आणि मग कन्नड ओळीचे ओत्तु खालच्या ओळीच्या डोक्यात घुसतात, कुठं तर कापलेच जातात. मी असली मेन्यूकार्डं भरपूर बघितलीत, करणारे आपलेच मराठी लोक, आणि कन्नड गिऱ्हाईकाला ते बघून काय वाटत असेल ह्याचा विचार आपण करत नाही. आणि उलट बाजूला आपली भाकऱ्या, घुगऱ्या ह्यांची अवस्था बघा. तो ऱ्या अर्धा र घेऊन आडवा यायला पाहिजे, पण पाटीवर 'भाकर्या' असा रफार चढलेला येतो, ल आणि श हिंदी वळणाचे येतात, कारण टायपिंग आणि फॉन्ट दोन्ही हिंदीच्या सेटिंगवर चालतात आणि करणाऱ्याला मराठी वळण वेगळं आहे हे कुणी सांगितलंच नाही. महाराष्ट्र सरकारनं २००९ ला मराठी अक्षरांची वळणं ठरवून दिली, पण सीमेच्या ह्या बाजूला ती पाळायची जबाबदारी कुणाची? आमचीच, जे इथं बसून मराठी छापतात त्यांची.

ह्याला उत्तरं आहेत आणि ती फुकट आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं 'बलू' नावाचा फॉन्ट काढला त्यात देवनागरी आहे आणि तसाच कन्नडही आहे, 'बलू तम्मा' नावानं, दोन्हींचा जाडपणा, गोलाई एकमेकांना धरून आहे, म्हणजे एक लिपी यजमान आणि दुसरी आगंतुक असं दिसत नाही. कायद्यानं ६० टक्के कन्नड सांगितलं ना, द्या ६० टक्के. पण उरलेल्या जागेतली मराठी नीट छापा, शुद्ध छापा, चांगल्या फॉन्टमध्ये छापा. आणि कन्नड पण ६० टक्के द्यायचंय म्हणून कपाळाला आठ्या घालून नुसती जागा भरू नका, ते वाचणारं माणूस आपल्या दुकानात तिखट घ्यायला येणार आहे. ताटात चटणी थोडी असते म्हणून ती कुणी शिळी वाढत नाही.

मला माहीत आहे की ह्यावर आपल्यातलेच काही लोक चिडतील. म्हणतील आधी भाषेचा हक्क मिळू दे, मग भाकरीची चित्रं काढ. हक्काचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर केंद्र सरकारनंच सांगितलंय की एखाद्या भागात १५ टक्क्यांवर लोक वेगळी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, आणि मराठी परिपत्रकांची मागणी इथं कित्येक वर्षं चालू आहे, ती चालू राहिली पाहिजे आणि मी तिच्या बाजूनं आहे. पण उद्या परिपत्रक मराठीत आलं आणि त्यात ओट्स आणि ब्रोकोलीच असलं तर जांबोटीच्या मावशीच्या हातात काय पडलं? भाषा मिळवायची ती आपलं जगणं त्या भाषेत सांगता यावं म्हणूनच ना. दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहा असं माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, आणि तो माझ्याशी एका मित्रानं बोलताना काढला. तो म्हणाला, स्वयंपाकघराचं एवढं कौतुक करतोस, पण माणसाला बाहेर ठेवायची पहिली जागा पण तीच होती. खरं आहे. पंक्तिभेद आपल्याच पंगतीत झाला, वेगळा कप, वेगळा माठ, वेगळी ओळ. जवळच कोल्हापूरला शाहू महाराजांना मुद्दाम गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यावा लागला, कारण दलित माणसाच्या हातचा चहा लोक पीत नव्हते. म्हणून 'परंपरा' म्हणून जे चित्र निघतं ते कुणाच्या घरचं आहे हे विचारलंच पाहिजे. बेळगावच्या खाण्याचं पोस्टर काढा म्हटलं की कुंदा येतो, मांडे येतात, गोकाकचा करदंट येतो, साजूक तुपातलं सगळं. खानापूरच्या बाजारातला सुक्या मासळीचा वाटा येत नाही, रविवारचं मटण येत नाही, कॅम्पातल्या मुसलमान घरातली बिर्याणी येत नाही, वजडी तर नाहीच नाही. त्या माणसांनी ते पोस्टर बघून समजायचं काय, की बेळगाव त्यांचं नाही? मला परंपरेतलं जे घ्यावंसं वाटतं ते दासोहाचं आहे. बसवण्णांनी बाराव्या शतकात जो विचार मांडला, कष्ट करून मिळवायचं आणि सगळ्यांना वाढायचं, तो ह्याच मातीतला, आणि मठात आज पण पानावर बसताना कुणी जात विचारायची नाही हाच त्यातला मुद्दा. वारकऱ्यांच्या काल्यात पण तेच. पंगत घ्यायची तर ही घ्या, पंक्तिभेदाची नको.

खर्चाचं म्हणाल तर मी सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीला मोठे पैसे लागत नाहीत. फॉन्ट फुकट आहे, भाकरी काढायला आर्ट डायरेक्टर लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो द्यायची तयारी गिऱ्हाईकाची पण नाही आणि आमची पण नाही, कारण दर स्क्वेअर फुटावर ठरतो, विचारावर ठरत नाही. म्हणून माझी मागणी सरळ आहे. जिल्ह्यात पुढचे पोषणाचे तक्ते, शाळेच्या भिंती, दवाखान्याचे बोर्ड छापायचं काम निघेल तेव्हा टेंडरमध्ये फ्लेक्सचा साइझ आणि कन्नडची टक्केवारी लिहितात तसं एक वाक्य हे पण लिहा, की छापण्याआधी नमुना त्या तालुक्यातल्या अंगणवाडी ताईला, आशा ताईला आणि गावातल्या चार बायकांना दाखवायचा, मराठी बोलणाऱ्या दोन आणि कन्नड बोलणाऱ्या दोन, आणि त्यांनी ज्यावर बोट ठेवून "हे आमच्यात नसतंय" म्हटलं ते काढून टाकायचं. बिल पास करताना त्या चौघींची सही बघायची.